मायक्रोकंट्रोलरपासून मोबाइलपर्यंत: ओपन सोर्स साधनांची जुळवणी

एक साधे उपकरण डोळ्यांसमोर ठेवू. एका लहान बोर्डावर तापमान मोजणारा सेन्सर आहे, बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर दर काही सेकंदांनी त्याचे वाचन घेतो आणि ब्लूटूथ लो एनर्जीवरून, म्हणजेच बीएलईवरून, ते मोबाइलमधल्या ॲपकडे पाठवतो. काम एवढेच, पण ॲपच्या पडद्यावर आकडा उमटला नाही, तर दोष सेन्सरच्या तारेत आहे, फर्मवेअरमध्ये (बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आहे, फोनच्या परवानग्यांत आहे की ॲपच्या कोडमध्ये, हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून साधने निवडताना मी एकच कसोटी लावतो: साखळीतली प्रत्येक कडी इतरांपासून सोडवून एकटी तपासता आली पाहिजे. ओपन सोर्स साधने फुकट मिळतात हा त्यांचा फायदा आहेच, पण ती अशी सुटी करता येतात आणि गरज पडल्यास आतून पाहता येतात, हा त्याहून मोठा फायदा आहे. पुढील मांडणी लिनक्सवर काम करणाऱ्याला धरून केली आहे. बहुतेक साधने विंडोज आणि मॅकवरही चालतात.

कंपायलर: नाव वाचावे, मग आकार पाहावा

मायक्रोकंट्रोलरसाठी क्रॉस-कंपायलर लागतो, म्हणजे तो चालतो आपल्या संगणकावर आणि कोड तयार करतो दुसऱ्याच प्रोसेसरसाठी. १९८७ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला जीसीसी आजही या कामातला मुख्य कंपायलर आहे. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पावर उभा असलेला क्लँग हा दुसरा चांगला पर्याय असून त्याचे चुकांचे संदेश वाचायला सोपे असतात. आर्म कॉर्टेक्स-एम घराण्यातल्या चिपसाठी जीसीसीची जी आवृत्ती वापरतात, तिच्या नावात ‘आर्म’, ‘नन’ आणि ‘ईएबीआय’ असे तुकडे असतात. पहिला प्रोसेसरचे घराणे सांगतो, दुसरा खाली कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम नाही हे सांगतो आणि तिसरा फंक्शनांमधली देवाणघेवाण कोणत्या नियमांनी होते ते सांगतो. लिनक्स चालवणाऱ्या बोर्डासाठीच्या कंपायलरच्या नावात ‘नन’ऐवजी ‘लिनक्स’ असते. तो चुकून उचलला, तर तयार होणारा प्रोग्रॅम कर्नल आणि त्यावरची सी लायब्ररी गृहीत धरतो, आणि आपल्या बोर्डावर तर त्यातले काहीच नसते.

प्रोसेसरचा नेमका प्रकार आणि दशांश गणिताची पद्धत हे दोन पर्याय कंपाइल करताना आणि लिंक करताना (तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवताना) अगदी सारखेच द्यावेत. कॉर्टेक्स-एम४ मध्ये दशांश गणिताचे फ्लोटिंग पॉइंट युनिट (व्हीएफपी) असेल आणि एखादी लायब्ररी मात्र त्याचा वापर न करणाऱ्या पद्धतीने बांधलेली असेल, तर लिंकर व्हीएफपी रजिस्टरबद्दल तक्रार करून थांबतो. नवखा माणूस हा संदेश पाहून आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो, पण ती तिथे नसते. सगळ्या ऑब्जेक्ट फाइली एकाच पद्धतीने पुन्हा बांधल्या की प्रश्न सुटतो.

बिल्ड यशस्वी झाल्यावर लगेच बोर्डाकडे धावू नये. कंपायलरसोबत येणारे ‘साइझ’ नावाचे छोटे साधन आधी चालवावे. ते टेक्स्ट (कोड), डेटा (आरंभीची किंमत दिलेली चले) आणि बीएसएस (शून्यापासून सुरू होणारी चले) असे तीन आकडे देते. समजा ते १८४३२, ५१२ आणि ६१४४ आले. टेक्स्ट आणि डेटा मिळून १८९४४ बाइट फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) जातील, तर डेटा आणि बीएसएस मिळून ६६५६ बाइट रॅम अडवतील. डेटा दोन्हीकडे मोजला जातो, कारण चलांच्या आरंभीच्या किमती फ्लॅशमध्ये साठवलेल्या असतात आणि प्रोग्रॅम सुरू होताना त्या रॅममध्ये उतरवल्या जातात. चिपमध्ये १६ केबी रॅम असेल, तर स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) आणि हीप (चालताना मागितली जाणारी जागा) यांच्यासाठी ९७२८ बाइट उरले. स्टॅक वरून खाली वाढत येतो आणि संरक्षणाची वेगळी सोय केलेली नसेल, तर इतर चलांवर निमूटपणे चढून बसतो. म्हणून हा उरलेला आकडा दर बिल्डला नोंदवून ठेवणे फार उपयोगी पडते.

लहान चिपवर सहसा न्यूलिब या सी लायब्ररीची ‘नॅनो’ आवृत्ती वापरतात. जागा वाचवण्यासाठी तिच्या प्रिंटएफ या छापण्याच्या फंक्शनमध्ये दशांश संख्या छापण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते, त्यामुळे तापमान छापायला जावे तर आकड्याच्या जागी काहीच येत नाही. ही सोय लिंकरला पर्याय देऊन सुरू करता येते, पण माझा सल्ला वेगळा आहे. तापमान फर्मवेअरमध्ये दशांश म्हणून ठेवूच नये; ते अंशाच्या शंभराव्या भागात, पूर्णांक म्हणून ठेवावे. २३.५७ अंश म्हणजे २३५७. याचा दुसरा लाभ ब्लूटूथच्या टप्प्यावर दिसेल.

कोड चढवणे आणि डीबगर लावणे

बोर्डावर कोड चढवण्यासाठी आणि तो चालत असताना आत डोकावण्यासाठी डीबग प्रोब (संगणक आणि चिप यांना जोडणारे छोटे उपकरण) लागतो. कॉर्टेक्स-एम चिपवर तो एसडब्ल्यूडी या डीबग-जोडणीच्या दोन तारा आणि ग्राउंड यांच्यावर जोडला जातो. सीएमएसआयएस-डॅप या खुल्या प्रोटोकॉलवर चालणारा प्रोब घ्यावा. रास्पबेरी पाय पिको या स्वस्त बोर्डावर तयार फर्मवेअर टाकूनही असा प्रोब बनवता येतो. ब्लॅक मॅजिक प्रोबमध्ये तर जीडीबी या डीबगरचा सर्व्हर आतच असतो.

प्रोब आणि डीबगर यांच्या मधला दुभाषी म्हणजे ओपनओसीडी. त्याची सुरुवात डोमिनिक राथ यांनी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये शिकत असताना पदविका प्रबंधाचा भाग म्हणून २००५ च्या सुमारास केली. त्याला दोन कॉन्फिगरेशन फाइली द्याव्या लागतात, एक प्रोबची आणि एक चिपची; या दोन्ही बहुतेक वेळा त्याच्यासोबतच येतात. तो सुरू झाला की जीडीबीसाठी ३३३३ आणि टेलनेटसाठी ४४४४ हे पोर्ट उघडतो. जीडीबी ३३३३ ला जोडावा, चिप रीसेट करून थांबवावी, प्रोग्रॅम चढवावा आणि ‘मेन’ फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावून पुढे जाऊ द्यावे. कोड तिथे येऊन थांबला, तर कंपायलर, लिंकर स्क्रिप्ट (काय कोणत्या पत्त्यावर जाते ते सांगणारी फाइल), प्रोब आणि चिप या चारही कड्या शाबूत आहेत असे समजावे.

तो थांबलाच नाही, तर फ्लॅशच्या सुरुवातीचे दोन शब्द (३२ बिटांच्या दोन संख्या) वाचून पाहावेत. कॉर्टेक्स-एममध्ये पहिला शब्द स्टॅकचा आरंभीचा पत्ता असतो आणि दुसरा रीसेट झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनचा. पहिला शब्द रॅमच्या हद्दीत नसेल किंवा दुसरा फ्लॅशच्या हद्दीत नसेल, तर चूक लिंकर स्क्रिप्टमध्ये आहे. सी कोड चाळून काहीही हाती लागणार नाही. दुसरा शब्द विषम दिसला तर मात्र दचकू नये. त्याचा शेवटचा बिट थंब सूचनासंचाची खूण म्हणून १ असतो.

लिनक्सवर पहिल्याच दिवशी येणारा अडथळा परवानगीचा असतो. ओपनओसीडीला प्रोब दिसत नाही, मात्र रूट म्हणून चालवले की दिसतो. अशा वेळी रोज रूट म्हणून काम करण्याची सवय लावून घेऊ नये. ओपनओसीडीसोबत येणारी यूडेव्हची (लिनक्सच्या उपकरण-व्यवस्थापकाची) नियमावली योग्य जागी ठेवून प्रोबची तार काढून पुन्हा लावावी. सिरीयल पोर्टासाठी स्वतःला पोर्टाच्या गटात घालावे लागते. अनेक वितरणांत या गटाचे नाव ‘डायलआउट’ असते. गट बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागते, हे विसरल्यामुळे वाया जाणारा अर्धा तास सर्वांच्याच वाट्याला येतो.

डीबगरमधून संदेश छापण्याची सेमीहोस्टिंग नावाची सोय आहे. तिच्याबाबत एक अनुभव सांगतो. माझे एक उपकरण टेबलावर आठवडाभर बिनचूक चालले आणि जागेवर बसवल्यावर मात्र सुरूच झाले नाही. परत टेबलावर आणून प्रोब जोडला की पुन्हा उत्तम. कारण असे होते की सेमीहोस्टिंग प्रत्येक संदेशासाठी ब्रेकपॉइंटची सूचना चालवते. डीबगर जोडलेला असेल तर तो ती हाताळतो, आणि नसेल तर कॉर्टेक्स-एम चिप हार्डफॉल्ट या गंभीर चुकीच्या अवस्थेत जाऊन अडकते. एक विसरलेला प्रिंटएफ पुरेसा ठरला. तेव्हापासून मी संदेशांसाठी सिरीयल पोर्ट वापरतो, संगणकावर ११५२०० च्या वेगाने पिकोकॉम हे सिरीयल पोर्ट वाचणारे साधन उघडून ठेवतो, आणि प्रत्येक उपकरण प्रोब काढून, वीज तोडून आणि पुन्हा देऊन तपासल्याशिवाय ‘चालते’ असे म्हणत नाही.

तारेवर काय चालले आहे

फर्मवेअर सेन्सरला हाक मारते आणि सेन्सर उत्तर देत नाही, असे झाल्यास कोडमध्ये संदेश वाढवत जाण्यापेक्षा तारेकडे पाहावे. सिगरॉक हा प्रकल्प आणि त्याचा पल्सव्ह्यू हा दर्शनी प्रोग्रॅम यांच्या मदतीने साधा लॉजिक ॲनालायझरही (तारांवरचे ०-१ नोंदवणारे उपकरण) पुरेसा होतो. आयटूसीच्या (चिप आणि सेन्सर यांच्यातील जोडणीच्या) दोन तारा जोडाव्यात, घड्याळाच्या वेगाच्या किमान चार-पाच पट वेगाने नमुने घ्यावेत आणि आयटूसीचा डिकोडर लावावा. मग पत्ता, वाचन की लेखन, आणि समोरून पोच मिळाली की नाही, हे सगळे अक्षरांत दिसते.

इथे सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक पत्त्याची असते. सेन्सरचा पत्ता ७ बिटांचा असतो, पण काही डेटाशीट आणि काही लायब्रऱ्या तो एक बिट डावीकडे सरकवून ८ बिटांचा लिहितात. हेक्समधला (सोळा-आधारी अंकपद्धतीतला) ४८ हा पत्ता त्यांच्या लेखी ९० होतो. लायब्ररीला यांपैकी कोणता हवा हे न पाहता दिलेला पत्ता तारेवर भलताच उमटतो आणि पोच येत नाही. पल्सव्ह्यूमध्ये हे पाच मिनिटांत कळते. दोन्ही तारा मुळात वर ओढलेल्याच नसतील, तर कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही. पुल-अप रेझिस्टर लावावा लागेल.

आरटीओएस आणि बोर्डाशिवाय चाचणी

एका सेन्सरसाठी आरटीओएसची (वेळ काटेकोर पाळणाऱ्या लहान ऑपरेटिंग सिस्टिमची) गरज नसते, पण ब्लूटूथ आले की चित्र बदलते. फ्रीआरटीओएस २००३ पासून आहे, २०१७ पासून तो एमआयटी परवान्याखाली मिळतो, आणि त्याचा गाभा एवढा लहान आहे की तो वाचून काढता येतो. झेफिर हा दुसरा आरटीओएस २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे आणि त्यात ब्लूटूथचा होस्ट (वरचा थर) तसेच कंट्रोलर (रेडिओ हाताळणारा थर) हे दोन्ही भाग स्रोतासह मिळतात. त्याचे डिव्हाइस-ट्री (हार्डवेअरचे वर्णन) आणि केकॉन्फिग (पर्यायांची निवड) समजायला पहिला आठवडा त्रासाचा जातो, हे मान्य केले पाहिजे. तरीही आपल्या उपकरणासाठी मी झेफिरच निवडीन, कारण रेडिओपर्यंतचा मार्ग वाचता येतो. ईएसपी३२ या चिपसाठीची ईएसपी-आयडीएफ ही चौकटही ओपन सोर्स आहे आणि शिकायला सोपी आहे, परंतु तिच्यातला रेडिओचा खालचा थर बंद बायनरी स्वरूपात येतो. बहुतेकांना त्याने काही अडत नाही, पण आपली ‘उघडून पाहण्याची’ हद्द कुठे संपते ते आधीच ठाऊक असावे.

फर्मवेअरमधला जो भाग केवळ हिशेब करतो, तो हार्डवेअरच्या भागापासून वेगळ्या फाइलीत ठेवावा आणि आपल्या संगणकाच्या साध्या कंपायलरने बांधून युनिटीसारख्या चाचणी-चौकटीखाली चालवावा. तिथे ॲड्रेस सॅनिटायझर लावता येतो, आणि ॲरेच्या हद्दीबाहेर झालेले लेखन त्याला ओळ क्रमांकासह सापडते. तेच लेखन चिपवर झाले तर तीन दिवसांनी भलत्याच ठिकाणी लक्षण दिसते. झेफिरचा प्रोग्रॅम ‘नेटिव्ह सिम’ या लक्ष्यासाठी बांधला, तर तो लिनक्सवरचा एक सामान्य प्रोग्रॅम म्हणून चालतो. फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला क्यूईएमयू हा एम्युलेटर (प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि बहुबोर्डांच्या नकलेसाठी केलेला रेनोड यांचाही उपयोग होतो, मात्र नकली बोर्डावर वेळेच्या बारकाव्यांची खात्री धरू नये.

हवेतले दोन बाइट

बीएलईमध्ये आपला स्वतःचा डेटा-आकृतिबंध शोधून काढण्याआधी प्रमाणित आकृतिबंध आहे का, हे पाहावे. तापमानासाठी तो आहे. एन्व्हायर्नमेंटल सेन्सिंग या सेवेचा क्रमांक हेक्समध्ये १८१ए आहे आणि तापमानाच्या कॅरॅक्टरिस्टिकचा (सेवेतल्या एका किमतीच्या कप्प्याचा) २ए६ई. किंमत म्हणजे चिन्हासह १६ बिटांचा पूर्णांक, एकक अंश सेल्सिअसचा शंभरावा भाग, आणि कमी वजनाचा बाइट आधी. फर्मवेअरमध्ये आपण २३५७ हाच पूर्णांक ठेवलेला असल्यामुळे काही बदलायचे उरतच नाही.

आता हे दोन बाइट जवळून पाहू. २३५७ हेक्समध्ये ०९३५ होतो आणि हवेतून ३५, ०९ या क्रमाने जातो. ॲपने क्रम उलटा वाचला, तर ३५०९ म्हणजे १३५७७ मिळतात आणि पडद्यावर १३५.७७ अंश दिसतात. ही चूक लगेच डोळ्यांत भरते. दुसरी चूक मात्र दबा धरून बसते: ॲपने संख्या चिन्हाशिवाय वाचली, तर शून्याच्या वरची सगळी तापमाने बरोबर येतात, आणि उणे ५.२५ अंशांना अचानक ६५०.११ दिसतात. म्हणून हिशेबाच्या चाचण्यांत एक उणे तापमान असलेच पाहिजे, फर्मवेअरच्या बाजूला आणि ॲपच्या बाजूलाही.

फोन हाती घेण्याआधी लिनक्सवर ब्लूझेड या ब्लूटूथच्या संचासोबत येणाऱ्या ब्लूटूथ-सीटीएल या साधनाने बोर्डाशी जोडणी करून तेच कॅरॅक्टरिस्टिक वाचावे. ३५ ०९ दिसले, तर बोर्डाची बाजू संपली. यापुढे जे बिघडेल ते फोनच्या बाजूचे.

फोनची बाजू

अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषा, ग्रेडल ही बिल्ड-व्यवस्था आणि एडीबी (संगणकावरून फोनशी बोलणारे साधन) ही तीन साधने पुरेशी आहेत. तिन्ही ओपन सोर्स आहेत. एसडीकेच्या (ॲप-विकासाच्या संचाच्या) तयार फाइली मात्र गुगलच्या स्वतंत्र अटींखाली येतात. दोन्ही प्रकारच्या फोनांसाठी एकच कोड हवा असेल, तर फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह घेता येते, परंतु ब्लूटूथचा भाग शेवटी प्लगइनमधून जातो आणि प्लगइनची दुरुस्ती करायला खालची व्यवस्था समजावीच लागते. आयफोनसाठी स्विफ्ट ही भाषा २०१५ पासून ओपन सोर्स असली, तरी ॲप बांधून स्टोअरवर पाठवण्यासाठी मॅक आणि एक्सकोड यांच्यापासून सुटका नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली की विकसकांसाठीचे पर्याय उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग सुरू करून एडीबी जोडावे आणि लॉगकॅट हा फोनमधल्या संदेशांचा प्रवाह चालू ठेवून आपल्या ॲपचेच संदेश गाळून घ्यावेत. फोनचा पडदा संगणकावर पाहायचा असेल, तर एससीआरसीपीवाय हे छोटे साधन उत्तम आहे.

ॲपला बोर्ड दिसतच नसेल, तर प्रथम परवानग्या पाहाव्यात. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ स्कॅन आणि कनेक्ट या स्वतंत्र परवानग्या आहेत. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये स्कॅनसाठी स्थानाची परवानगी लागत असे. जुन्या फोनवर ती दिलेली नसेल, तर ॲप कोसळत नाही, फक्त यादी रिकामी राहते, आणि माणूस बोर्डाचा अँटेना तपासत बसतो.

जोडणी होते, वाचन होते, पण बदलत्या किमती आपोआप येत नाहीत, ही पुढची तक्रार. नोटिफिकेशन सुरू करण्यासाठी अँड्रॉइडमध्ये दोन कामे करावी लागतात. ॲपमध्ये त्या कॅरॅक्टरिस्टिकसाठी नोटिफिकेशन सुरू करावे लागते, आणि त्याशिवाय बोर्डावरच्या २९०२ क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरमध्येही (कॅरॅक्टरिस्टिकला जोडलेल्या नोंदीतही) तशी नोंद लिहावी लागते. पहिल्या कामाने फोन ऐकायला तयार होतो, दुसऱ्याने बोर्ड बोलायला लागतो. फक्त पहिलेच केले, तर कोणतीही चूक न दाखवता शांतता पसरते. शिवाय एका जोडणीवर अँड्रॉइड एका वेळी एकच जीएटीटी (बीएलईवरची वाचन-लेखनाची) क्रिया चालवतो; आधीच्या क्रियेचे उत्तर येण्यापूर्वी दुसरी मागितली, तर ती नाकारली जाते. म्हणून सर्व क्रिया एका रांगेत घालून, उत्तर आल्यावरच पुढची सोडावी. ही रांग सुरुवातीलाच लिहावी. मागाहून घालताना सगळा कोड उसवावा लागतो.

एवढे करूनही दोष कोणाचा हे ठरत नसेल, तर विकसकांच्या पर्यायांतील ब्लूटूथ एचसीआय स्नूप लॉग सुरू करावा, ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करावे, दोष घडवून आणावा आणि एडीबीच्या बग रिपोर्टमधून ती फाइल काढून वायरशार्क या संदेश-विश्लेषकात उघडावी. फोनच्या सॉफ्टवेअरने ब्लूटूथ चिपला काय सांगितले आणि तिच्याकडून काय परत आले, हे त्यात वेळेसह दिसते. २९०२ मध्ये लेखन झालेच नाही, की झाले आणि बोर्डाने ते नाकारले, याचा निकाल इथे लागतो.

आवृत्त्या आणि परवाने

कंपायलर, झेफिर, ग्रेडल आणि प्रत्येक लायब्ररी यांच्या नेमक्या आवृत्त्या प्रकल्पाच्या गिट भांडारातच लिहून ठेवाव्यात. झेफिरमध्ये ‘वेस्ट’ या त्याच्या साधनाची मॅनिफेस्ट फाइल आणि अँड्रॉइडमध्ये ग्रेडल रॅपर हे काम करतात, कंपायलरसाठी कंटेनरची प्रतिमा बनवून ठेवलेली बरी. आवृत्त्या पक्क्या असल्या की ‘गेल्या महिन्यात चालत होते’ या तक्रारीवर गिट बायसेक्ट (दर वेळी निम्मे कमिट वगळत शोधणे) लावता येते, आणि हजार कमिटांतला दोषी कमिट दहाएक चाचण्यांत सापडतो.

परवान्यांबद्दल दोन गैरसमज नेहमी भेटतात. जीसीसी जीपीएल (स्रोत खुला ठेवण्याची अट घालणाऱ्या) परवान्याखाली आहे म्हणून त्याने बांधलेला आपला प्रोग्रॅमही जीपीएल होतो, असे नाही. कंपायलरकडून प्रोग्रॅममध्ये येणाऱ्या रनटाइम लायब्ररीसाठी परवान्यातच अपवाद दिलेला आहे. उलट एमआयटी परवाना म्हणजे काहीच अट नाही, हेही खरे नाही. हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत द्यावा लागतो. ॲपमध्ये त्यासाठी एक स्वतंत्र पडदा ठेवावा आणि फर्मवेअरसाठी तोच मजकूर उपकरणाच्या माहितीपत्रकात छापावा. पुढे बोर्डावर लिनक्स आले आणि बिल्डरूट किंवा योक्टो ही लिनक्स बांधून देणारी व्यवस्था वापरली, तर कर्नलच्या जीपीएल परवान्यामुळे त्याचा स्रोत, आपण केलेल्या बदलांसह, उपकरण घेणाऱ्याला उपलब्ध करून द्यावा लागतो. या दोन्ही व्यवस्थांमध्ये परवान्यांची यादी आपोआप तयार करण्याची सोय आहे; ती पहिल्या बिल्डपासूनच चालू ठेवावी.